अर्धे निरोप

देवदत्त सरनाईक घरात कधी आवाज चढवत नसे, आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं शुभाला त्याचंच कौतुक होतं. तिच्या माहेरी, नाशिकला, वडील तापले की भांडी आदळायची आणि शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. देवदत्तचं तसं नव्हतं. एखादी गोष्ट पटली नाही की तो "बघू" म्हणायचा आणि हातातल्या कामाला लागायचा. हा "बघू" म्हणजे "नाही", हे शुभाला पहिल्या दिवाळसणातच कळलं होतं. त्यांच्या मुलीला, ऊर्जाला, ते कळायला बरीच वर्षं लागली. पण कळलं तेव्हा तिला ते आईसारखं गिळता आलं नाही.

ऊर्जा चार वर्षांची असताना हे तिघं स्टुटगार्टला आले. देवदत्त गिअरबॉक्सचा माणूस. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली होती. फॉयरबाखच्या चढावर तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. त्या चढावर त्यानं लेकीला सायकल शिकवली, रविवारच्या रविवार, मागून सीट धरून, धापा टाकत. शाळेत पहिल्या वर्षी तिला भाषा येत नव्हती, तेव्हा संध्याकाळी तो तिच्या शेजारी बसून तिचेच धडे घोकायचा. बापलेक एकदमच जर्मन शिकायला लागले होते. मग ती भराभर पुढे निघून गेली आणि तो तिथंच राहिला. कंपनीत इंग्रजीवर भागत होतं.

मोठी झाली तशी ऊर्जा बापाला जर्मनमध्ये उत्तरं द्यायला लागली. त्यात उद्धटपणा नव्हता, घाईत तेच तोंडात यायचं. त्याला मात्र वाटायचं, मला कळू नये म्हणून ही मुद्दाम असं बोलते. आईशी ती मराठीच बोलायची. मग हळूहळू बापलेकीचं सगळं बोलणं शुभामार्फत व्हायला लागलं. "आई, बाबाला सांग ना." "शुभा, तिला सांग."

शुभा सांगायची, पण जसंच्या तसं कधीच नाही. ऊर्जा म्हणाली, "बाबाचा माझ्यावर विश्वासच नाही," तर शुभा नवऱ्याला सांगायची, "दमलीय हो, म्हणून चिडचिड करते." देवदत्त म्हणाला, "माझ्या घरात हे चालणार नाही," तर ती लेकीला म्हणायची, "बाबा विचार करतायत, जरा थांब." कुणाचा जीव दुखू नये एवढंच तिच्या मनात असायचं. मग तिघं टेबलाशी बसून निवांत आमटी-भात खायला लागले की, हे घर आपण सांभाळतोय, असं तिला वाटायचं.

पहिली ठिणगी पडली फोनवरून. एकदा एस-बान, म्हणजे इथली लोकल, बोगद्यात अडकली आणि ऊर्जाचा फोन लागेना. दुसऱ्या दिवशी देवदत्तनं तिच्या फोनवर, ती कुठं आहे ते दाखवणारं अ‍ॅप टाकलं. तेव्हा तिनं हसत टाकू दिलं. बापाच्या काळजीचं तिला बरंच वाटलं असावं. मग तो ऑफिसातून विचारायला लागला, शाळा सुटून इतका वेळ झाला, तू अजून गावात काय करतेस. मग हँडबॉल आलं. ती क्लबकडून खेळायची, शनिवारी गावोगाव सामने असायचे. अकरावीला अभ्यास वाढला म्हणून त्यानं ते बंद केलं. ट्रेनरबाईंना ईमेल त्यानंच लिहिली. ऊर्जाला कळलं ते मैदानावर, सगळ्या मुलींसमोर.

"माझंही काही म्हणणं असू शकतं, हे त्याच्या मनातच येत नाही का?" तिनं आईला विचारलं. शुभानं तो प्रश्न नवऱ्यापर्यंत नेला तेव्हा त्यातलं एवढंच उरलं होतं, की हँडबॉल बंद झाल्याचं तिला वाईट वाटलंय. देवदत्त म्हणाला, वाटणारच, होईल सवय.

तो दुष्ट नव्हता. त्या वर्षी कंपनीत माणसं कमी करायचं चाललं होतं. त्याच्या समोर बसणारा जुना सहकारी एका शुक्रवारी आपली झाडाची कुंडी काखेत मारून गेला, तो परत आला नाही. चारी बाजूंनी जमीन सरकायला लागली की माणूस हाताला लागेल ते घट्ट धरतो. देवदत्तनं लेकीला धरलं.

त्याच वर्षी ऊर्जाला इतिहासाची गे-एफ-एस करायची होती. म्हणजे एक विषय घ्यायचा, त्याच्या मुळाशी जायचं आणि वर्गापुढे उभं राहून तो मांडायचा. त्याला परीक्षेइतकेच गुण. तिनं विषय घेतला तो असा: अमेरिकेतल्या वसाहतींमधली माणसं इंग्रजांविरुद्धच्या बंडापर्यंत पोचली कशी. शुभाला ऐकून भरून आलं. लग्नाआधी ती नाशिकच्या शाळेत इतिहासच शिकवायची. इथं ती एका किटात, पाळणाघरात, अर्धा दिवस लहान मुलं सांभाळत होती, आणि ही बाई कधी काळी फळ्यावर नकाशे काढायची हे इथं कुणाच्या गावीही नव्हतं.

दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. ऊर्जा आधी जर्मनमध्ये म्हणून दाखवायची, मग आईसाठी मराठीत.

"तुमच्या शाळेत काय शिकवायचीस तू?" तिनं एकदा विचारलं.

"कर लादले, चहा समुद्रात फेकला, युद्ध झालं. कारणे द्या, चार गुण."

ऊर्जा खुदकन हसली. "पण चहा महाग झालाच नव्हता, आई. उलट कर धरूनसुद्धा स्वस्त झाला होता."

आणि ती सांगायला लागली. या लोकांना वेगळं व्हायचंच नव्हतं, म्हणाली. ते राजाच्या नावानं पेले उंचावत होते, त्याच्या वाढदिवसाला तोफा उडवत होते. लंडनला ते 'घर' म्हणायचे, ज्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं तेसुद्धा. मग कागदपत्रांवर, वर्तमानपत्रांवर मुद्रांकाचा कर आला. लोक म्हणाले, आम्हाला विचारलं का? ओरड झाली, कर मागे घेतला, लोकांनी दिवे लावले. पण त्याच दिवशी पार्लमेंटनं दुसरा कायदा केला, की तुमच्यासाठी कुठलाही, कसलाही कायदा करायचा अधिकार आमचाच आहे. पुढे नवे कर आले, लोकांनी विरोध केला, तो मोडून काढायला एका बंदराच्या गावात शिपाई आले. एका संध्याकाळी लोकांनी शिपायांवर बर्फाचे गोळे फेकले, शिपायांनी गोळ्या झाडल्या, पाच माणसं गेली. मग तो चहा. आणि चहाची शिक्षा म्हणून त्या गावाचं बंदरच बंद केलं. तोवर बाकीच्या वसाहती एकमेकींशी भांडत होत्या. आता त्याच वसाहती या गावाला तांदूळ, पीठ, मेंढ्या धाडायला लागल्या.

"आणि मला सगळ्यात विचित्र वाटतात ते मधले लोक," ऊर्जा म्हणाली. "गव्हर्नर. त्यांतले बरेचसे लंडनला लिहायचे, चारच माणसं चिथावणी देतायत, बाकी रयत तुमचीच आहे. आणि रयतेला सांगायचे, राजा दयाळू आहे, थोडा धीर धरा."

"त्यांना वाटत असेल, कशाला उगाच आग लावा," शुभा म्हणाली.

"गेनाऊ, अगदी तसंच. म्हणून आग लागली तेव्हा कुणाकडं पाणी नव्हतं. आग आहे हे कुणाला माहीतच नव्हतं ना."

शुभाला ते वाक्य फार आवडलं. असंच्या असं वर्गात म्हण, म्हणाली.

ऊर्जाला पूर्ण गुण मिळाले. संध्याकाळी तिनं ते बापाला सांगितलं. "छान," तो म्हणाला, आणि गणिताची परीक्षा कधी आहे ते त्यानं विचारलं. ती तिच्या खोलीत निघून गेली.

वसंतात ती मैत्रिणीबरोबर, क्लाराबरोबर, तळ्यावर पोहायला गेली आणि फोन मुद्दाम बंद ठेवून गेली. देवदत्त अर्धा दिवस वेड्यासारखा फोन करत होता. ती ओल्या केसांनी घरी आली तेव्हा तो ओरडला नाही. त्यानं हात पुढे केला आणि तिच्याकडून घराची चावी मागून घेतली. आल्यावर बेल वाजवायची, म्हणजे कधी आली ते कळेल, असं म्हणाला आणि चावी खिशात टाकली.

त्यानंतर शुभाला किटातून यायला उशीर झाला की ऊर्जा जिन्यात पायरीवर बसून वह्या उघडायची. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी दोन-तीनदा तिला आत बोलावलं, पण ती गेली नाही. "भाडेकरूकडं पण चावी असते, आई," ती म्हणाली. "मी या घरात कोण आहे?"

शुभानं नवऱ्याला सांगितलं, जिन्यात थंडी असते, चावी देऊन टाका. तो म्हणाला, बघू.

पण लेक तुटत चाललीय हे त्यालाही थोडं जाणवलं असावं, कारण त्यानं यशवंतला बोलावलं. हे महाराष्ट्र मंडळातले यशवंतकाका, तोंडाचे गोड, मुलांना चार गोष्टी सांगण्यात हुशार. रविवारी ते आले, श्रीखंड-पुरी जेवले आणि ऊर्जाला बाल्कनीत घेऊन संस्कार, आईबापांचे कष्ट असं बराच वेळ बोलले. देवदत्त तेवढा वेळ तळघरात सायकलची चेन साफ करत बसला होता. ऊर्जानं सगळं ऐकून घेतलं, काकांना खालपर्यंत पोचवून आली आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"तो स्वतः का बोलत नाही माझ्याशी? बाहेरचा माणूस आणला त्यानं माझ्यावर."

शुभा म्हणाली, "अगं, प्रेमापोटीच ना."

जुलैमध्ये वर्गाची सहल लंडनला जाणार होती. बाकी मुलांना व्हिसा लागणार नव्हता. ऊर्जाकडे भारतीय पासपोर्ट, म्हणून तिला व्हिसा हवा होता आणि अठरा पूर्ण नसल्यामुळे त्यावर आईवडिलांची संमती. शुभा सही करायला तयार होती, पण देवदत्तच्या मागं करायला तिचा हात धजेना. त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी ऊर्जा आईसमोर येऊन बसली. रडली नाही, चिडली नाही. एखादी गोष्ट मनात पुष्कळदा घोळवून आलेल्या माणसासारखी सावकाश बोलली.

"आई, नीट ऐक आणि बाबाला जसंच्या तसं सांग. मला हायडेलबर्गला जाऊन इतिहास शिकायचा होता. ते मी सोडते. इथंच शिकेन, त्याला हवं ते, आणि घरीच राहीन. फोनमधलं ते अ‍ॅपसुद्धा राहू दे. मला चावी परत हवी, लंडनला जाऊ दे, आणि त्यानं एकदा माझ्यासमोर बसून माझं ऐकायचं. तू नाही, काका नाही. तो आणि मी."

"सांगते हं," शुभा म्हणाली.

"थांब, पुढचंही सांगायचं. ऑगस्टमध्ये मी अठराची होते. या वेळी त्यानं 'बघू' म्हटलं तर मी इथं राहणार नाही. ही धमकी नाही, आई. मला राहायचंय, म्हणून सांगतेय."

संध्याकाळी देवदत्त आला तो काळवंडलेला चेहरा घेऊन. त्याच्या विभागातली आणखी माणसं जाणार असं त्या दिवशी जाहीर झालं होतं. शुभानं चहा पुढे केला. ऊर्जाचा शब्द न् शब्द तिला पाठ होता. पण त्या थकलेल्या माणसाकडे बघून तिच्या घशातून अर्धंच बाहेर आलं.

"ऊर्जा आता पुष्कळ शांत झालीय," ती म्हणाली. "इथंच शिकायचं म्हणते, घरी राहून. लंडनचं तेवढं मनावर घ्या."

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. कितीतरी दिवसांनी तो हसला. "मी म्हणत नव्हतो? समजतं हळूहळू."

"आणि लंडनचं?"

"बघू."

शुभा लेकीच्या खोलीत गेली. बाबांना खूप आनंद झाला, म्हणाली. ते अगदी खरं होतं. लंडनचं ते मनावर घेतायत, ऑफिसात फार ताण आहे, थोडा वेळ दे, म्हणाली. ते खरं नव्हतं.

"माझ्याशी बोलेल तो?"

"बोलतील गं."

ऊर्जानं आईला मिठी मारली, लहानपणी मारायची तशी, पोटात डोकं खुपसून.

त्यानंतरचे काही आठवडे त्या घरातले सगळ्यात सुखाचे होते. ऊर्जा बापाशी मराठीत बोलायला लागली. शब्द अडला की थांबायची, शोधायची, पण जर्मनकडे वळायची नाही. सकाळी त्याची कॉफी तीच करायची. पोर वळणावर आली असं वाटून देवदत्त मनातून सुखावला. बाबा बोलायचं कसं याची जुळवाजुळव करतोय असं वाटून ती वाट बघत राहिली. एकाच टेबलाशी बसून दोघं दोन वेगळ्या गोष्टींचा आनंद करत होते, आणि हे ठाऊक असलेली एकटी शुभा होती. आज सांगू, उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची. पण हसणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये जाऊन सांगायचं काय?

जूनमधल्या एका रविवारी, दुपारच्या जेवणाला, देवदत्त खुशीत येऊन म्हणाला की त्यानं कोल्हापूरची तिकिटं काढली. ऊर्जाच्या चुलतबहिणीचं लग्न आहे, जुलैमध्ये, तिघांनी जायचं.

ऊर्जानं घास खाली ठेवला. "जुलैमध्ये मी लंडनला आहे, बाबा."

"ते राहू दे आता. पुन्हा कधीतरी जाशील."

"पण मी एवढं सगळं सोडलं ना. हायडेलबर्ग सोडलं. तुला हवं ते शिकते म्हटलं. तू विचार करतोयस, असं आई म्हणाली."

"हायडेलबर्ग?" देवदत्तला काही संदर्भ लागेना. "हायडेलबर्गचं काय?"

ऊर्जानं खुर्ची त्याच्याकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "बाबा, मी राहणार नाही म्हणाले होते, ते तुला सांगितलं का आईनं? चावी मागितलेली? तुझ्याशी एकदा बोलायचंय म्हटलं होतं, ते?"

त्यानं शुभाकडे पाहिलं. ऊर्जानंही पाहिलं. इतक्या वर्षांत त्या दोघांनी एकाच वेळी, एकाच नजरेनं तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. दोघांचे डोळे इतके सारखे आहेत हे शुभाला त्या क्षणी दिसलं.

"मला वाटलं, होईल सगळं नीट," ती म्हणाली. "कुणाला लागू नये म्हणून..."

ऊर्जा उठली. आपलं ताट तिनं धुऊन ठेवलं आणि खोलीचं दार अलगद लावून घेतलं. देवदत्त तेव्हा तिच्यामागं गेला असता, दारावर टकटक केली असती, तर कदाचित अजूनही काही हाती राहिलं असतं. शुभा त्याला तसं म्हणालीही. पण तो दुखावला होता. पोरीनं अटी घालाव्यात आणि बायकोनं त्या लपवाव्यात, यातलं जास्त काय लागलं ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तो म्हणाला, शांत होऊ दे तिला, मग बघू.

कोल्हापूरला ते दोघंच गेले. ऊर्जा क्लाराकडे राहिली. संमती नव्हती, त्यामुळे लंडनची सहलही तिच्याविना गेली.

अठरावा वाढदिवस झाला आणि त्याच आठवड्यात ती गेली. एस्लिंगनला क्लाराच्या आईवडिलांनी तिला वरची खोली दिली होती. क्लाराचे वडील गाडी घेऊन आले होते. सामान फार नव्हतं, पण पुस्तकांची बॅग जड होती. ती तिला उचलेना तेव्हा देवदत्त खोलीतून बाहेर आला, त्यानं ती उचलली आणि तीन मजले खाली नेली. शुभा वर खिडकीत होती. त्यानं डिकीत बॅग ठेवली, लेक पुढच्या सीटवर बसली, तसा तो खिडकीशी वाकून काहीतरी म्हणाला. गाडी गेली. तो वर आल्यावर शुभानं विचारलं, काय म्हणालात?

"बेल्ट लाव म्हटलं," तो म्हणाला.

ऊर्जानं क्लाराच्या घरी राहून आबिटूर, शाळेची शेवटची परीक्षा, दिली, चांगल्या गुणांनी पास झाली आणि हायडेलबर्गला इतिहास शिकायला गेली. जर्मन नागरिकत्वासाठी तिनं अर्ज केला. भारतीय पासपोर्ट परत करावा लागणार हे तिला माहीत होतं. शुभा मधूनमधून तिला भेटायला जायची. नदीकाठी फिरायच्या दोघी, कुठं तरी कॉफी प्यायच्या. मुलगी आईशी वाईट वागत नव्हती. तब्येत विचारायची, ट्रेनपर्यंत सोडायला यायची. फक्त आता आईशीही ती जर्मनमध्येच बोलायची. शुभा मराठीत बोलायची आणि उत्तर जर्मनमध्ये यायचं. एकदा न राहवून तिनं विचारलं, माझ्याशी तरी मराठीत का बोलत नाहीस? ऊर्जा तेवढ्यापुरती मराठीत म्हणाली, "मराठीत मी जे बोलले, ते तू बदललंस, आई."

शुभा त्या दिवशी ट्रेनमध्ये तोंडावर स्कार्फ धरून घरी आली.

देवदत्तची नोकरी टिकली. घरात आता त्याला "बघू" म्हणायला कुणी काही विचारत नव्हतं. तो संध्याकाळी आला की लेकीच्या खोलीत जाऊन खिडकी उघडायचा, हवा खेळती राहावी म्हणून, आणि थोड्या वेळानं बंद करायचा. पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला त्यानं शुभाला सांगितलं की हायडेलबर्गला जायचंय, मी स्वतः तिला विचारलंय, ती या म्हणाली. कधी, कसं विचारलं, ते त्यानं सांगितलं नाही. शुभानंही विचारलं नाही. तिला फक्त एवढं दिसलं होतं की काही आठवडे तो हेडफोन लावून जर्मनची वाक्यं पुटपुटतोय.

ऊर्जा आणखी चार विद्यार्थ्यांबरोबर एका जुन्या घरात राहत होती. तिनं दार उघडलं, कोट घेतले, चहा केला. केस कापले होते. स्वयंपाकघरात बसायला तिनं बापाला खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली, पाहुण्याला देतात तशी. देवदत्तनं कप खाली ठेवला आणि पाठ केलेलं जर्मन बोलायला सुरुवात केली. मी तुझं ऐकलं नाही, म्हणाला. मी घाबरलो होतो, म्हणाला. मला वाईट वाटतं. क्रियापदं चुकत होती, डेअर-डी-डासची लिंगं चुकत होती. मध्येच त्याचा शब्द अडला, तेव्हा तो ओठ हलवत शोधत राहिला, आणि लेकीनं तो सुचवला नाही. ती थांबून राहिली. सगळं बोलून होईपर्यंत तिनं त्याला थांबवलं नाही.

मग तिनं जर्मनमध्येच आभार मानले, "डांके, पापा."

तिचे डोळे भरले होते. पण ती खुर्चीवरून उठली नाही. पुन्हा या, म्हणाली, येण्याआधी कळवून या. ख्रिसमसला ती क्लाराकडे जाणार होती. घरी कधी येशील, हे देवदत्तनं विचारलं नाही, आणि तिनं आपणहून काही सांगितलं नाही. तासाभरात तिचं सेमिनार होतं. दारात तिनं दोघांना मिठी मारली, आधी त्याला, मग आईला. हलकी, नीट, वेळेवर सुटणारी मिठी.

परतीच्या ट्रेनमध्ये देवदत्त खिडकीशी बसला. मग त्यानं विचारलं, "तिनं शाळेत ते काय केलं होतं? अमेरिकेचं."

आता विचारतोय, असं शुभाच्या ओठांवर आलं होतं. पण तिनं सगळं पहिल्यापासून सांगितलं: मुद्रांकाचा कर, तो अधिकाराचा कायदा, बर्फाचे गोळे, बंदर. गव्हर्नरांचंही सांगितलं, आणि सांगताना म्हणाली, "ती मधली माणसं म्हणजे मी." मग तिनं शेवटचा भाग सांगितला, जो ऊर्जानं वर्गात म्हणताना आवाज कापू नये म्हणून पुनःपुन्हा म्हणून पाहिला होता. लढाई सुरू झाल्यावरसुद्धा त्या लोकांनी राजाला एक अर्ज पाठवला, की आम्ही अजून तुमचेच आहोत, आमचं एकदा ऐका. राजानं तो हातातसुद्धा घेतला नाही. त्यानं त्यांना बंडखोर ठरवलं आणि परक्या मुलखातून, इथूनच, हेसनमधून, भाड्याचे शिपाई त्यांच्यावर पाठवले.

देवदत्तनं मान खाली घातली. "पुढे ते परत भेटले का? तो राजा आणि ते लोक."

"दहा वर्षांनी त्यांचा वकील दरबारात आला. राजा त्याच्याशी चांगलं बोलला म्हणतात, त्याचाही गळा दाटला होता. पण तो परक्या देशाचा वकील म्हणून आला होता."

बाहेर अंधारून येत होतं. काचेत त्याचा चेहरा दिसत होता.

"आणि त्याआधी?" त्यानं विचारलं. "तो अर्ज लिहिला तेव्हा. त्यांना खरंच राहायचं होतं?"

मवाळ उत्तर शुभाच्या जिभेवर तयार होतं. कोण जाणे, म्हणता आलं असतं. तेव्हाही त्यांचं ठरलेलंच असेल, म्हणता आलं असतं, आणि त्या माणसाला जरा बरं वाटलं असतं.

"होतं," ती म्हणाली. "तिला राहायचं होतं."

गाडी स्टुटगार्टला लागली, माणसं उतरायला लागली, तरी तो उठला नाही. शुभानं त्याला चला म्हटलं नाही. डबा रिकामा होईपर्यंत ती तशीच त्याच्या शेजारी बसून राहिली.